माफ केलंय, मग कोर्टात कशाला?

बेळगावात ख्रिस्ती माणसाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. एक कोर्टाच्या आवारात, टोमणा मारत: "तुमच्यात सगळं माफ असतंय म्हणे, मग दावा कशाला घातलाय?" दुसरा घरात कुणी अंथरुणाला खिळलं की, जरा काळजीनं: "देवाला सगळं ठाऊक असतंय म्हणता, मग रोज तेच तेच काय मागत बसता?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. चर्चमधली मंडळी त्यांची जी उत्तरं देतात ती बहुधा तोंडपाठ असतात, आणि विचारणाऱ्याचं समाधान काही होत नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक अशा नावांच्या बायबलमधल्या येशू-चरित्रांत, हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेत की एक सोडवायला गेलं की दुसरा हाताला लागतो. म्हणून इथे दोन्ही एकत्रच घेतो. वाचणारा ख्रिस्ती असावा अशी अपेक्षा नाही; रविवारी कॅम्पातून जाताना घंटा कानावर पडली असेल तरी पुरे.

आधी ही माणसं कोण, ते थोडक्यात. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात 1820 साली आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा, पण गोव्याकडून घाट चढून खानापूर भागात वसलेली कॅथलिक घरं त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळं इथे कोकणीत जपमाळ म्हणणारं घर भेटतं, मराठी उपासनेला जाणारं भेटतं आणि कन्नड गीतं गाणारंही भेटतं. पंथापंथांत मतभेद पुष्कळ आहेत. पण क्षमा आणि प्रार्थना या दोन बाबतींत सगळ्यांचा आधार एकच, येशूनं सांगितलेल्या तीन-चार गोष्टी.

दहा हजार तालांत म्हणजे किती?

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात पेत्र नावाचा शिष्य येशूला विचारतो, माझा भाऊ माझा अपराध करत राहिला तर मी त्याला किती वेळा क्षमा करू? सात वेळा? आपण फार मोठं मन दाखवतोय असं पेत्राला वाटलं असणार. येशू म्हणतो, सात वेळा कसलं, साताच्या सत्तर वेळा. ऐकणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटला असेल. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात लामेख नावाचा माणूस आपल्या बायकांपुढं फुशारकी मारतो, माझा पूर्वज काइन याच्यासाठी सूड सातपट, तर माझ्यासाठी सत्त्याहत्तरपट. सुडासाठी वापरलेला हिशेब येशूनं उचलला आणि क्षमेला लावला.

पाठोपाठ गोष्ट येते. राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. एकाकडे दहा हजार तालांत येणं निघतं. तो पाया पडतो, सांभाळून घ्या, सगळं फेडतो म्हणतो. राजाला दया येते आणि तो सगळं कर्ज सोडून देतो. हा गडी बाहेर पडतो तोच त्याला सोबतीचा चाकर भेटतो, ज्याच्याकडं याचे शंभर दीनार आहेत. हा त्याची नरडी धरतो, आणि तोही अगदी त्याच शब्दांत गयावया करत असताना त्याला तुरुंगात घालतो.

हे आकडे आपल्या हिशेबात आणल्याशिवाय गोष्ट कळत नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. शेतमजुराची आजची हजेरी 500 रुपये धरा. शंभर दीनार झाले 50,000 रुपये. दहा हजार तालांत झाले 3,000 कोटी रुपये. वर्षातले 300 दिवस काम मिळालं तरी फेडायला 2 लाख वर्षं लागतील. तेव्हाचा राज्यकर्ता हेरोद अंतिपास याला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांचा मिळून वर्षाचा महसूल 200 तालांत होता, असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे दोन प्रांतांचा पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या नावावर! येशूनं आकडा मुद्दाम अशक्य ठेवलाय. "सगळं फेडतो" या वाक्याला तेव्हाचे ऐकणारे हसले असतील.

प्रवचनात इथे लगेच तात्पर्य येतं: देवानं आपलं एवढं सोडलं, मग आपण दुसऱ्याचं एवढंसं सोडू नये का? तात्पर्य बरोबर आहे. पण मजूर माणसाला 50,000 रुपये एवढेसे नसतात. चार महिन्यांची हजेरी बुडाली तर सोसायटीचा हप्ता चुकतो, पोराची फी राहते. तुझं नुकसान झालंच नाही, असं ही गोष्ट कुठेच म्हणत नाही. उलट ती नुकसानीचा नेमका आकडा सांगते. क्षमेची सुरुवात तिथून होते. किती बुडालं हे ज्याला नीट ठाऊक आहे तोच काही सोडू शकतो. "जाऊ दे, काही झालं नाही" म्हणणारा माणूस विषय टाळत असतो.

आणखी एक गोष्ट या अध्यायात आहे, जी बहुतेक प्रवचनांत गळते. पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी येशूनं भांडण मिटवायची रीत सांगितली आहे. भावानं अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडं जा आणि त्याचा दोष त्याला दाखव. नाही ऐकलं तर आणखी एक-दोघांना बरोबर घेऊन जा, म्हणजे साक्षीदार राहतील. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढं, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांपुढं, मांड. आपल्या गावच्या पंचांनाही ही रीत नवी वाटणार नाही. साताच्या सत्तर वेळा क्षमा हे वाक्य त्यानंतर येतं. म्हणजे तोंडावर बोलणं, साक्षीदार नेणं, पंचांपुढं जाणं, हे सगळं क्षमेच्या विरोधात नाही, तिच्याच घरातलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर सरळ म्हटलंय, भावानं अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याला पस्तावा झाला तर क्षमा कर.

पण मग कोर्ट? इथे जाणकार माणूस पौलाचं, म्हणजे येशूनंतर गावोगाव मंडळ्या उभारणाऱ्या प्रचारकाचं, पत्र काढील, आणि काढावंच. करिंथ शहरातल्या मंडळीला पौल खडसावतो, भाऊ भावाविरुद्ध कचेरीत जातो, तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही काय? अन्याय का सोसत नाही? हे वचन अवघड आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पौलाचा रोख मात्र मंडळीवर आहे: तुम्ही घरात न्याय देत नाही म्हणून लोक बाहेर जातात, ही तुमची लाज. घरातही न्याय द्यायचा नाही आणि बाहेरही जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ लावणं म्हणजे पौलावर अन्याय. स्वतःवर खोटे आरोप आले तेव्हा हाच पौल रोमी नागरिक म्हणून थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील करतो.

क्षमा आणि कायदा एकाच वेळी कसे चालतात याचं आपल्या देशातलं उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचं. त्यांचे पती ग्रॅहम ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करत. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात रात्री जीपमध्ये झोपलेले असताना जमावानं त्यांना आणि फिलिप व टिमोथी या दोन मुलांना जिवंत जाळलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची होती. ग्लॅडिसनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्यानंतरही काही वर्षं तिथेच राहून काम चालवलं. खटला मात्र थांबला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2011 मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम झाली. क्षमा केली म्हणून गुन्ह्याचा निकाल लागू नये, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. शिक्षा देणं राज्याचं काम आहे. सूड मनात धरायचा की नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

बेळगावचं कॅथेड्रल फातिमा मातेच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, नावानं आहे, म्हणून तिथल्या लोकांना दुसरी एक तारीख पक्की लक्षात राहते. 13 मे 1981, फातिमा मातेच्याच दिवशी, पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर रोममध्ये गोळीबार झाला. चारच दिवसांनी त्यांनी हल्लेखोराला क्षमा केल्याचं सांगितलं आणि 1983 च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तो इटलीच्या तुरुंगातून सुटला 2000 साली. क्षमा आणि सुटका यांच्यात एवढं अंतर राहिलं, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

सही करून दे, बाई

आता घरगुती पातळीवर या, कारण क्षमेचा खरा गैरवापर तिथे होतो. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या बाईला चर्चमधलीच चार वडीलधारी माणसं समजावतात, सत्तर वेळा क्षमा कर म्हणून सांगितलंय, जा परत. अपराध करणाऱ्याला त्याचा दोष दाखवायला आणि साक्षीदार न्यायला सांगणारं त्याच अध्यायातलं वचन कुणी वाचून दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला देणाऱ्यांनी आधी नवऱ्याकडं जायला हवं. मनातला डूख सोडणं वेगळं आणि मार खायला परत जाणं वेगळं.

दुसरा गैरवापर बहिणींच्या बाबतीत होतो. ख्रिस्ती माणसाच्या वारसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आमच्याकडं हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं त्यांना, भावाला क्षमा कर, सही करून दे, म्हणतात. जणू क्षमा म्हणजे हक्कसोडपत्रच!

खानापूरकडच्या एक मावशी आमच्या उपासनेला येतात. नवरा वारल्यावर भावांनी त्यांना बोलावून घेतलं, उताऱ्यावर नाव लावायचंय म्हणून सही घेतली. कागद कन्नडात होता. मावशींना मराठी वाचता येतं, तेही अडखळत. काही महिन्यांनी शेजारच्या पोरानं तो कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं की वाटा गेला. दावा चालू आहे. रविवारी उपासनेत सगळे एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणतात: आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. इथवर मावशींचा आवाज सगळ्यांत वरचा असतो. पुढं येतं, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मावशी गप्प. ओठ मिटलेले, मान खाली, बोटं पदराच्या काठावर. आणि 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' आलं की आवाज पुन्हा सुरू.

मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तोंडानं म्हणायला काय जातंय गा. पण तो ऐकतोय की."

प्रभूच्या प्रार्थनेवर मी बरंच काही वाचलंय. ती ओळ इतक्या गांभीर्यानं घेणारं फारसं कुणी भेटलं नाही. ती ओळ खरोखरच धोक्याची आहे. आम्ही दुसऱ्याला जसं सोडलं तसंच तू आम्हाला सोड, असं म्हणणारा माणूस आपलं माप आपणच देवाच्या हातात देतो. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना संपल्याबरोबर येशू बाकीच्या ओळी सोडून याच एका ओळीचा खुलासा करतो: तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही. आता मावशींना क्षमा करायचीय की दावा जिंकायचाय? त्यांना दोन्ही करायचंय. आणि हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात मावतं, हे दाखवायला मला दुसऱ्या एका विधवेकडे जावं लागेल.

देवाला न भिणारा न्यायाधीश

लूकच्या अठराव्या अध्यायात ती भेटते. एका गावात एक न्यायाधीश होता. देवाला भीत नव्हता, माणसांची पर्वा करत नव्हता. त्याच गावात एक विधवा होती. ती सारखी त्याच्याकडं येऊन म्हणायची, माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या. बरेच दिवस त्यानं दाद दिली नाही. मग मनाशी म्हणाला, देवाधर्माचं मला काही नाही, पण ही बाई डोकं खाते. एकदाचा हिचा निवाडा करून टाकू.

बेळगावच्या वाचकाला ही गोष्ट फोडून सांगावी लागत नाही. कॅरीबॅगेत उतारे आणि फेरफाराचे कागद घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसलेली बाई आपण पाहिलेली असते. वकील दुसऱ्या कोर्टात असतो, साहेब रजेवर असतात, स्टॅम्पवाल्याची दुपारची वेळ झालेली असते, आणि सगळं जुळलं तर तारीख पडते. तारीख म्हणजे काय ते सीमाभागाला कुणी शिकवू नये; महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केलाय.

त्या काळच्या यहुदी समाजात विधवेच्या पाठीशी पुरुष नसला तर तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नसे. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात पुन्हा पुन्हा बजावलंय की विधवेला आणि अनाथाला जाचू नका. विधवेला न्याय देणं हेच या न्यायाधीशाचं काम होतं आणि तो तेच करत नव्हता. बाईकडं लाच द्यायला पैसा नाही, ओळख नाही. तिच्याकडं फक्त पाय आहेत, रोज येण्यापुरते.

लोक इथे ठेच खातात. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, सारखा पिच्छा पुरवला की कंटाळून देतो, असा अर्थ काढतात. मग प्रार्थना म्हणजे देवाला जेरीस आणणं होतं. येशूचं म्हणणं उलट्या बाजूनं आहे. असला नालायक माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, तर देव, जो तसा नाही, तो आपल्या लोकांना किती अधिक देईल! लूकमध्ये याच धर्तीवर आणखी एक गोष्ट आहे. मध्यरात्री पाहुणा येतो, घरात भाकर नाही, म्हणून माणूस शेजारी मित्राचं दार वाजवतो आणि तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत, आता मला उठता येत नाही. एका खोलीच्या घरात बापानं उठायचं म्हणजे सगळ्यांना उठवायचं. तरीही शेवटी तो उठतो. लगेच येशू विचारतो, तुमच्यातल्या कुठल्या बापाकडं पोरानं मासा मागितला तर तो साप देईल? इथेही तेच 'किती अधिक'.

मग न कंटाळता मागायचं कशासाठी, जर देव आधीच द्यायला राजी असेल? याचं येशू थेट उत्तर देत नाही, आणि देतो असं भासवणाऱ्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. तो फक्त दोन बाजूंना दोन खुणा रोवतो. एकीकडं, खचू नका, मागत राहा. दुसरीकडं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जातं असं समजून बडबड करू नका, तुमच्या पित्याला तुमची गरज मागण्याआधीच ठाऊक आहे. म्हणजे चिकाटी हवी, पण तिचं मीटर लावायचं नाही. अमुक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तमुक उपवास, एवढ्या रात्री जागरण केलं की काम होणारच, अशी हमी देणारा माणूस दुसरी खूण उपटून टाकतो.

आणि हमी देणारे आमच्याकडं कमी नाहीत. आरोग्य-सभेत आजारी माणसाला पुढं बोलावतात, डोक्यावर हात ठेवतात. बरा झाला तर साक्ष द्यायला माईक हातात देतात. नाही झाला तर कुजबूज सुरू होते, विश्वास कमी पडला. आधीच आजारी असलेल्या माणसाच्या डोक्यावर हा आणखी एक बोजा. असं बोलणाऱ्यांनी गेथशेमाने बागेतली रात्र वाचावी. वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, खिळलं जाण्याच्या आदल्या रात्री स्वतः येशूनं प्रार्थना केली, हा प्याला माझ्यापुढून टळून जावो. तीन वेळा केली, आणि मत्तय म्हणतो, पुन्हा तेच शब्द बोलून केली. प्याला टळला नाही. पौलाच्या शरीरात काहीतरी दुखणं होतं, तो त्याला काटा म्हणतो. तो काढून टाक म्हणून त्यानंही तीन वेळा विनवलं. उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. या दोघांचा विश्वास कमी पडला म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून पहिल्या प्रश्नकर्त्याला जसं उत्तर देता येतं तसं दुसऱ्याला नाही देता येत. रोज तेच काय मागता, याचं प्रामाणिक उत्तर एवढंच की आम्हाला रोज तेच दुखतं, आणि ज्याच्याकडं मागतो तो दार बंद करणारा नाही असं आम्ही धरून चाललोय. विधवेची गोष्ट तरी कुठे संपते? मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असं म्हणतो) येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, या येशूच्या प्रश्नावर. त्या प्रश्नाला लूकनं उत्तर जोडलेलं नाही.

प्रार्थनेला उभं राहिल्यावर

आता ही विधवा काय मागत होती, ते पुन्हा पाहा. न्याय. प्रतिवादीचं वाईट व्हावं, त्याचं घर बसावं, असलं काही तिच्या तोंडी नाही. येशूनं चिकाटीच्या प्रार्थनेचा नमुना म्हणून निवडली ती हक्क मागणारी बाई. गप्प सोसणारी बाई निवडली नाही. आणि क्षमा करा हे सांगणाराही तोच. त्यामुळं न्याय मागणं आणि क्षमा करणं यांत त्याला विसंगती दिसत नव्हती, एवढं तरी मानायला हरकत नाही.

दोन्हींची गाठ मार्कच्या अकराव्या अध्यायात एका वाक्यात पडते. जे काही तुम्ही प्रार्थना करून मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, हे वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. त्याच्या लगेच पुढचं वाक्य छापलेलं मी कधी पाहिलं नाही: तुम्ही प्रार्थना करायला उभे राहता तेव्हा तुमच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर त्याची क्षमा करा. म्हणजे वेळही सांगितली आहे. भांडण मिटल्यावर, समोरचा पाया पडल्यावर, निकाल लागल्यावर, असं म्हटलेलं नाही. प्रार्थनेला उभं राहिल्यावर. प्रार्थना रोजची, म्हणून क्षमाही रोजची.

माझ्या मते साताच्या सत्तर वेळांचा उलगडाही इथेच होतो. आपण धरून चालतो की पेत्र वेगवेगळ्या अपराधांबद्दल बोलतोय: आज त्यानं शिवी दिली, उद्या पैसे बुडवले. पण ज्यानं कुणाला खरोखर क्षमा करायचा प्रयत्न केलाय त्याला ठाऊक असतं की एकच जुना अपराध पुन्हा पुन्हा वर येतो. रविवारी सोडलेलं मंगळवारी तारखेला भाऊ कोर्टाच्या दारात दिसला की परत पोटात पेटतं. म्हणजे पहिली क्षमा खोटी होती असं नाही. ती त्या रविवारची होती. मंगळवारची अजून करायची आहे. चिकाटीची सगळ्यांत जास्त गरज लागते ती क्षमा करता यावी याच मागणीला.

मावशींचं सध्या असंच चाललंय. एखाद्या रविवारी ती ओळ ऐकू येते, एखाद्या रविवारी नाही. आदल्या आठवड्यात तारीख असली तर बहुधा नाही. शत्रूंसाठी प्रार्थना करा हे वचन त्यांना माहीत आहे. भावांची नावं अजून तोंडातून निघत नाहीत, म्हणून त्यांच्या पोरांची घेतात. धाकट्या भावाच्या मुलीची दहावी आहे, तिचं नाव सध्या पहिलं असतं. दावा त्यांनी मागं घेतलेला नाही, आणि घ्यावा असं आमच्या पाळकांनीही सांगितलेलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

कॅथलिक मंडळींकडं यासाठी पाप-कबुलीचा संस्कार आहे. फादरपुढं कबुली द्यायची, पापमुक्ती मिळते. पण चोरलेलं परत करायचा भार त्यामुळं उतरत नाही. जमीन लुबाडून कबुली दिली तरी जमीन परत करायला लागतेच. प्रोटेस्टंटांकडं (मेथडिस्ट त्यांतलेच) कबुली थेट देवाजवळ असते, पण लूकमधला जक्कय दोघांनाही मान्य आहे. हा जकातदार येशू घरी आल्यावर उभा राहून म्हणाला, कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्या घराला आज तारण मिळालं, असं येशू म्हणाला ते त्यानंतर.

राहिला शेवटचा, सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: समोरचा माफी मागतच नसेल तर? यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. पस्तावा झाला तर क्षमा कर, या लूकमधल्या वाक्यावर बोट ठेवून काही जण म्हणतात, पस्तावा नाही तर पुरी क्षमाही नाही. दुसरे वधस्तंभाकडं बोट दाखवतात: खिळे ठोकणाऱ्यांनी माफी मागितली नव्हती, तरी येशू म्हणाला, हे बापा, त्यांना क्षमा कर. मला वाटतं दोन्ही खरं आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. मनातला सूड एकट्यानं सोडता येतो. नातं पुन्हा जोडायला दोघं लागतात, आणि दोघं आले तरी वेळ लागतो. मराठी ख्रिस्ती घरांत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण या बाबतीत निघते. 1895 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तेव्हा त्या हादरल्या, काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या, आणि ख्रिस्ती झाल्या त्या त्याच्याही नंतर, स्वतःच्या चालीनं.

वेळ क्षमा घेणाऱ्यालाही लागतो. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं. पुढं तो मिसरात मोठा अधिकारी झाला, दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले, तेव्हा त्यानं आधी त्यांना चांगलं पारखलं, मग ओळख दिली, गळ्यात पडून रडला. बाप याकोबही मिसरात आला आणि तिथे सतरा वर्षं जगला. बाप गेल्यावर भावांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. बापाकडं बघून गप्प होता, आता हा उट्टं काढणार! आपल्याकडंही भावकीचे कागद बाहेर निघतात ते बापाच्या तेराव्यानंतरच. भावांनी निरोप धाडला, आम्हाला क्षमा कर असं बाबा मरताना सांगून गेलेत. बाबा खरंच तसं म्हणाले होते का, हे बायबल सांगत नाही. निरोप ऐकून योसेफ रडला. इतक्या वर्षांनीही यांना खरं वाटत नव्हतं. मग त्यांना म्हणाला, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? आणि त्यांच्या पोराबाळांच्या दाण्यागोट्याची जबाबदारी त्यानं स्वतःवर घेतली.